स्वतःच्या सहीखाली

बाबा, तुमचा एक कागद मी उद्या दिल्लीला नेतेय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा परवानगी विचारायची तरी कोणाला?

जिच्यासाठी नेतेय, तिला तुम्ही ओळखता. परदेशातून शिकायला आलेली, माझ्या वर्गातली. विश्रांतवाडीच्या घरमालकाने 'बाहेरच्या मुली नकोत' म्हणून तिला काढलं आणि मी तिला बॅगांसकट आपल्या दोन खोल्यांत घेऊन आले. 'मैत्रीण आहे' एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने हौसेने पोहे केले, तर पहिला घास घेऊन तुम्ही विचारलंत, "पोह्यांवर लिंबू पिळलंय की लिंबात पोहे घातलेत?" ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. बशी मात्र तुम्ही चाटूनपुसून संपवलीत.

आता ती माझ्याशी मराठीत भांडते, तेही सदाशिवपेठी थाटात. पण तिच्या घरी आमचं कळलंय, बाबा. आम्ही नुसत्या मैत्रिणी नाही, जोडीदार आहोत, हे. तिच्या देशात अशा बायकांना तुरुंगात घालतात, आणि तिचे भाऊ म्हणतायत, तुरुंगापर्यंत पोहोचूच देणार नाही. पासपोर्टची मुदत संपत आलीये. म्हणून दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात आश्रयासाठी अर्ज केलाय. तिथे विचारतात, तुम्ही एकत्र आहात याला पुरावा काय? घ्या! इतकी वर्षं आम्ही पुरावेच तर पुसत आलो. तिच्या देशात विमानतळावर फोन तपासतात, म्हणून फोटो काढला की लगेच खोडायचा. शेजारीपाजारी 'रूम पार्टनर' सांगायचं. मग साक्षीदार म्हणून मी निवेदन लिहायला बसले, तर पानभर 'अतूट' आणि 'निस्सीम'. कोर्टाबाहेरच्या टाइपरायटरमागून पक्षकारांना झापायचात ना, तो आवाज ऐकू आला, "विशेषणं लग्नपत्रिकेत छापा. इथे काय घडलं ते सांगा." पान फाडून टाकलं.

मग तुमचं कपाट उघडलं. प्रत्येक कागदाची कार्बन प्रत ठेवायचात आणि मी त्या पसाऱ्यावर वैतागायचे. त्यातच तिच्या व्हिसासाठी तुम्ही करून दिलेलं प्रतिज्ञापत्र सापडलं. 'सदर मुलगी माझ्या कुटुंबातील सदस्य असून माझ्या मुलीसोबत माझ्या घरी कायम राहते.' खाली तुमची सही. तो रविवार लख्ख आठवतो. मशीन घरी आणलंय, तुम्ही त्यावर वाकलेले, मी मागे उभी राहून वाचतेय. घाबरून म्हणते, "बाबा, कुटुंबातील कसं? खोटं होईल ना ते." तुम्ही मान वर न करता म्हणता, "लोकांची खोटी प्रतिज्ञापत्रं ढिगाने टाइप केली. स्वतःच्या सहीखाली एकही खोटं वाक्य नाही. आता या वयात सुरुवात करू?"

तो कागद फाइलीत सगळ्यात वर लावलाय. तिने आधी तो कपाळाला लावला, मग म्हणाली, "बाबा येतायत आपल्याबरोबर. आता नाही कसं म्हणतील?" मलाही तसंच वाटतंय, खरंच. कितीतरी दिवसांनी आज दोघी पोटभर जेवलो.

हे पत्र मात्र तुमच्या कपाटातच राहील. एक कबूल करते. त्या रविवारी तेवढं बोलून तुम्ही थांबला होतात, बोटं मशीनवर तशीच ठेवून. मी काहीतरी सांगेन म्हणून वाट बघत होतात, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी "चहा ठेवते" म्हणत आत पळाले. चहा पिऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "आलं घालायचं राहिलं."