सात नंबरची न्हाणी

६ जानेवारी, सोमवार
आज परत नाही. ट्रस्टचे सेक्रेटरी गोविंदण्णा गेटापाशीच उभे. "होत नाही, सुमन. भिंतीला हात लावायचा नाही."
ट्रस्टच्या घरात खिळा मारायचा तरी विचारून, हे मला ठाऊक आहे. पण मी काय माडी मागतेय? न्हाणीचं दार वीतभर रुंद करायचं, उंबरा काढायचा, भिंतीला धरायला एक दांडा. खर्च आमचा, गवंडी आमचा. आत्यांची चाकाची खुर्ची आत जात नाही, एवढंच दुखणं.
"नियम आहे," म्हणाले. डोळ्याला डोळा दिला नाही.

८ जाने., बुध
दिवाळीत आत्यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून आंघोळ स्वयंपाकघरात. मोरीपाशी, चादर आडवी बांधून. आज चादर सुटली आणि नेमका सिलिंडरवाला दारात. आत्यांनी डोळे घट्ट मिटले. नंतर जेवल्या नाहीत. बोलणं तुटक झालंय, पण हे स्पष्ट बोलल्या, "सुने, मला निपाणीला नेऊन टाक."
निपाणीच्या घरात आता दुसऱ्याचं बिऱ्हाड. कुठं नेऊ?
हे म्हणाले, आईसाठी एवढं होत नसेल तर न विचारता पाडू. मी म्हटलं, चार नंबरवाल्यांनी मागं न विचारता पत्रा घातला तर घर सोडायला लागलं त्यांना. ह्या भाड्यात मल्लेश्वरमात दुसरं कोण देणार. हे उठले. मग आईजवळ जाऊन बसले.

११ शनि
गोविंदण्णा भाड्याला आले. म्हटलं, अण्णा, एकदा आत येऊन बघा तरी, खुर्ची दारात कशी अडकते ते. त्यांनी चप्पल काढली. परत घातली. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. चहा न घेताच गेले.
आता आठवून बघितलं. आम्ही इथं आल्यापासून हा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. शेजारी कमलाक्कांकडे तासन् तास बसतात.
कमलाक्का कपडे वाळत घालत होत्या. "त्यांना आत बोलवू नकोस गं."
का?
"बेडा, नको. सोड ते."

१२ रवि
सोडलं नाही. दुपारी कमलाक्कांकडे गेले.
आमच्या आधी घरात सरोजाक्का, वामनराव आणि त्यांची एकुलती शुभा. पीयूसीला, म्हणजे बारावीला होती. समोर नवी बिल्डिंग उठली, तिच्या जिन्यातून न्हाणीचा झरोका दिसायचा. पोरं उभी राहायची. वामनरावांनी झरोका बुजवायची परवानगी मागितली. गोविंदण्णांनी दिली. न्हाणीत गॅसचा गीझर होता. थंडीतली सकाळ, पोरीला परीक्षेला जायचं होतं. दार आतून बंद. गॅस साठला.
दार फोडेपर्यंत
कमलाक्कांनी ताट जवळ ओढलं. तांदूळ निवडत राहिल्या. निवडलेलेच परत निवडत होत्या.
एवढी वर्षं कुणी सांगितलं नाही आम्हाला? "सांगून काय करणार होतीस? घर तर पाहिजे होतं ना तुला?"
पाहिजे होतं.

१३ सोम
न्हाणीत वर एका चौकोनाचा गिलावा वेगळा आहे. मी त्याला ओल समजत होते. त्याच्या खालीच साबणाची फळी अडकवली आम्ही.
आज आंघोळ दार उघडं ठेवून केली. आमचा गीझर विजेचा. भीती कसली, सांगता येत नाही.
नेहा आत गेली. गुणगुणत होती. मध्येच गुणगुणणं थांबलं आणि मी दारावर दोन्ही हातांनी. "आई! शाम्पू लावतेय!" बाहेर आल्यावर म्हणाली, वेड लागलंय का तुला. म्हटलं, कडी लावत जाऊ नको. का? नको म्हटलं ना.
सोळाची आहे. कडी लावणारच.

१४ मंगळ. संक्रांत
एळ्ळु-बेल्ल, इथला तीळगूळ, वाटलं. गोविंदण्णांना द्यायला ट्रस्टच्या हॉलवर गेले आणि बोलून टाकलं, मला कळलंय.
बराच वेळ हातातली तिळाची पुडी उलटसुलट करत बसले. मग, "वामन इथंच उभा होता, तू उभी आहेस तिथं. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, बुजवून टाक. चहा पितापिता म्हटलं. गीझरचं मनातसुद्धा आलं नाही. त्यानंतर कुणाला हो म्हणायचं म्हटलं की जीभ उचलत नाही, सुमन. आणि ती भिंत तर..."
मी म्हटलं, मला बुजवायचं नाही, अण्णा. मोकळं करायचंय.
"सरोजाला विचार. के. आर. पुरमला असतात दोघं. ती हो म्हणाली तर बघू."
म्हणजे स्वतःच्या मानेवरचं माझ्या मानेवर. रागानं तशीच निघून आले. एका दारासाठी कुणाच्या आईसमोर जाऊन उभं राहायचं?

१९ रवि
गेले नाही. जाणारही नव्हते.
आज मोरीवर आत्या हातातून निसटल्या. ओल्या अंगाला धरायला काही नव्हतं. कोपर सोललं, डोकं कट्ट्यापासून थोडक्यात वाचलं. रडल्या नाहीत, माझीच पाठ थोपटत होत्या डाव्या हातानं.
जायलाच पाहिजे.

२५ शनि
के. आर. पुरम. मेट्रोनं गेले. कमलाक्कांनी पत्ता दिला होता. वाटेत तीनदा वाटलं, पुढच्या स्टेशनला उतरून परत फिरावं.
सरोजाक्कांनीच दार उघडलं. बारीक, पांढऱ्या केसांच्या. मी नाव सांगितलं, मग सात नंबर म्हटलं. त्यांनी मागं वळून बघितलं. आत वामनराव टीव्हीसमोर, आवाज बंद. मला घेऊन जिन्यात आल्या. "ह्यांच्यासमोर नको. ह्यांना मी सांगितलंय, ती घरं पाडली. नाहीतर रोज उठून तिकडं जायचे, गेटाबाहेर उभे राहायचे."
मी आत्यांचं सांगितलं. ऐकलं का नाही, कळेना. मध्येच, "तिथं अजून आंघोळ करता तुम्ही?"
हो म्हटलं. खोटं काय बोलणार.
"मुलगी आहे?"
आहे. सोळाची.
माझं मनगट धरलं. गार हात. "हाक मारत जा तिला. आंघोळ करताना. तिला राग आला तरी मारत जा."
मी जिना उतरताना वरून एवढंच, "पुढच्या रविवारी येते."

२ फेब्रुवारी, रवि
आल्या. एकट्याच. न्हाणी कुठं म्हणून विचारायचं त्यांना कारण नव्हतं. सरळ गेल्या. मी बाहेर थांबले. आतून काहीच आवाज नाही. शेवटी राहवेना, हाक मारली. "आहे मी," म्हणाल्या.
बाहेर येऊन आत्यांच्या खाटेवर बसल्या. आत्यांनी विचारलं, कोण? "ह्याच घरची." आत्यांनी डावा हात पुढं केला. दोघी हात धरून बसल्या होत्या. मी चहा टाकला आणि तो उतू गेला.
तोवर कमलाक्कांनी गोविंदण्णांना बोलावलं. ते गेटापाशी. सरोजाक्का उठून दारात गेल्या.
"आत या."
"सरोजा, मला..."
"आत या, अण्णा. मी आले ना?"
ते आले. न्हाणीच्या दारापर्यंत. वर बघेनात.
"तुम्ही सगळ्यांना नाही म्हणत बसलात, त्यानं माझी शुभा परत येणार होती काय? ह्या म्हातारीनं काय केलंय?"
गोविंदण्णा भिंतीला धरून खाली बसले. सरोजाक्कांनी त्यांना उठवलं नाही. मला म्हणाल्या, "दार मागाहून पाड. आधी ते वरचं उघड."

६ गुरु
गवंड्यानं झरोका उघडला, समोरच्या जिन्यातून दिसू नये म्हणून तिरक्या धुरकट काचा बसवल्या. गोविंदण्णांनी तेवढं कागदावर लिहून दिलंय. दाराचं विचारलं तर, "सोमवारी मीटिंगमध्ये बघू." बघू म्हणाले, नाही म्हणाले नाहीत. हे म्हणतात, हो सुद्धा म्हणाले नाहीत.
उजेड पार फरशीपर्यंत येतो. मला तो बघवत नाही. इतका उजेड, इतक्या सोप्या कामानं. दोन घाव आणि विटा खाली.
नेहानं विचारलंच. सगळं सांगितलं. रात्री माझ्याजवळ येऊन झोपली.

८ शनि
संध्याकाळी सरोजाक्कांचा फोन. "उघडलं?"
उघडलं.
मग हळू आवाजात, "ह्यांना कळलं. मीच फोनवर कमलाशी बोलत होते ते ऐकलं. घर उभं आहे म्हणून. ओरडले नाहीत गं. ओरडले असते तर बरं झालं असतं. सकाळपासून एकच, तिथं आता पाणी कशावर तापवतात."
विजेवर म्हणून सांगा.
"सांगितलं. परत विचारतात. त्यांना येऊन बघायचंय."
मी म्हटलं, घेऊन या.
म्हटलं खरं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली. आणि एका पुरुषाचा आवाज, वामनरावच असणार, जवळूनच, कोण आहे, कोण आहे फोनवर. सरोजाक्कांनी फोन तसाच चालू ठेवला. मीही ठेवला नाही.