चरावरचा ओटा

॥ श्री ॥
बडोदे, ता. १८ जुलै १९७६

चि. रंभीस दादाचा आशीर्वाद. वि. वि. तुझं कार्ड काल मिळालं. मागच्या बागेत घोटाभर पाणी तुंबलंय आणि आईचा हळदीचा वाफा त्यात उभा हाय, हे वाचून डबा गोड लागला न्हाई. तुझ्या फाल्गुनातल्या लग्नाला घरचीच हळद लागणार, हे आईनं माहेरचं बियाणं आणलं तवापासून ठरलेलं. पाणी साचलं की गड्डा कुजतो, हे माझ्यासारख्या सातवी नापासाला कळतं. सोपानकाकांना कळू नये?

आबा असते तर सख्ख्या भावाची ही हिंमत झाली नसती. काकांनी विटांची भिंत घातली, आपलं परडं कोरडं ठेवलं, पाणी भावजयीच्या वाफ्यात सोडलं. त्यांना सांग, भिंत पाडा. न्हाईतर मी येऊन पाडतो. इथं दिवसभर लोखंडी टाकीच्या पोटात बसून वेल्डिंग करतो, आंघोळीला तांब्याभर पाणी मिळत न्हाई, आन् घरी हा तलाव.

लग्नाच्या मांडवासाठी मी चैत्रात घातलेला सिमेंटचा ओटा तरी कोरडा असंल. आईला पाणी उपसू देऊ नको, कंबर धरंल.

मी तापट असलो तरी तुमचाच हाय, एवढं धरून माया करा.
भैरू

॥ श्री ॥
पिंपळे सौदागर, ता. २५ जुलै

ती. दादास रंभाचा शि. सा. नमस्कार. इकडील क्षेम म्हणवत नाही. तुझं पत्र आईला वाचून दाखवत होते तेव्हा काका दारातच उभे. पहिली शिफ्ट करून आले होते. सदरा काढून पाणी उपसायला लागले.

ते नाही बोलले, मी बोलते. भिंत तीन वर्षांची आहे, पाणी यंदाच तुंबलं. बागेच्या कडेनं ओढ्याकडे चर जात होता. चैत्रात तो कोरडा होता, तुला रिकामा खड्डा वाटला. दगडमाती भरून तू त्यावर ओटा घातलास. चर उन्हाळ्यात बघू नये असं काका तेव्हाच म्हणाले होते. त्यावर तू म्हणालास की सिमेंटची अक्कल आम्हाला शिकवू नका.

काकांनी सब्बल आणून ठेवली आहे, पण ओट्याला लावत नाहीत. म्हणतात, पोरगं सुट्टीचे आठ दिवस राबलंय, ओल्या सिमेंटात आपलं नाव कोरलंय, त्याचा होकार आल्याबिगर मी घाव घालायचा न्हाई. आई म्हणते, काकांचं बरोबर आहे. पण दोन ओळी पिवळ्या पडल्यात. तुझ्या एका ओळीसाठी सगळे थांबलोत.

रागावलास तरी आमचं म्हणत राहा.
रंभा

॥ श्री ॥
बडोदे, ता. ३१ जुलै

चि. रंभीस आशीर्वाद. ओट्याला हात लावायचा न्हाई. नवरदेवाची माणसं संत तुकाराम नगरातल्या फरशीच्या खोल्यांतनं येणार, त्यांना चिखलात उभं करता? चर दुसरीकडनं काढा. काकांचं परडं हाय की मोकळं.

इथं मी जे जोडतो त्यावर दुसऱ्याचाच शिक्का बसतो. माझं नाव असलेली तेवढी एकच जागा हाय. चार दिवस उघडीप मिळाली की पाणी आटंल. उगं रडगाणं लावू नका.

आईला नमस्कार. तुटक लिहिलं म्हणून तोडू नका.
भैरू

॥ श्री ॥
पिंपळे सौदागर, ता. ७ ऑगस्ट

ती. दादास नमस्कार. पाणी आटलं नाही. काकांचं परडं उंचावर आहे, तिकडून चर कसा निघेल? आईनं काल एक रोप उपटून पाहिलं. गड्डा बोटांत शेणासारखा आला. मामांनी हळद सोडून ऊस लावला, त्यामुळे हे बियाणं आता दुसरीकडे कुठंच नाही. आई हात धुऊन चुलीपाशी जाऊन बसली.

तुझं नाव मात्र स्वच्छ दिसतंय. पाऊस रोज धुतो.

लोभाचं तूच बघ.
रंभा

॥ श्री ॥
बडोदे, ता. १२ ऑगस्ट

ती. सोपानकाकांस भैरूचा सा. नमस्कार. ओटा फोडा. घाव मधी घाला, कडंला सळया हायत. हेच आज तारेनं कळवलंय, पण असलं तारेत मावत न्हाई म्हणून पत्र. भिंतीचं लिहिलं ते चुकलं. चर मी उन्हाळ्यात बघितला. नाव राखू नका.

काका, मला धरून ठेवा, एवढंच मागणं.
आपला भैरू

॥ श्री ॥
पिंपळे सौदागर, ता. १५ ऑगस्ट

ती. दादास रंभाचा शि. सा. नमस्कार. तार आली तशी आईनं पदर तोंडाला लावला, कोण गेलं म्हणून. काकांनी वाचली आणि सब्बल उचलली. चर मोकळा झाला तसं तासाभरात पाणी ओढ्याला लागलं.

वाफ्याच्या वरच्या कडेची एकच ओळ जगली. काकांनी ती मातीसकट उचलून आपल्या परड्यात लावली, तू पाडायला निघाला होतास त्या भिंतीच्या आडोशाला. लग्नापुरती होईल किंवा बियाण्यापुरती, दोन्हीला पुरणार नाही. मी आईला सांगितलं, बियाणं ठेव. मला बाजारची हळद लावा, दादाचं लग्न होईल तेव्हा त्याच्या बायकोला घरची लागेल. हे लिहिताना मला तुझा राग येतो आहे, लपवत नाही.

ओट्याचा एक तुकडा अखंड निघाला, नेमका तुझ्या नावाचा. काकांनी तो चरावर आडवा टाकलाय, जायला-यायला. नाव खालच्या अंगाला केलं आहे. म्हणाले की पोराच्या नावावर कुणाचा पाय पडायला नको.

फाल्गुनात वेळेवर ये. राग ओसरेल, माया आहे तिथंच आहे.
तुझी रंभी