माझा पगार कशाचा, आबा

आबा, मी नेमकं काय काम करते हे तुम्ही मला एकदाच विचारलं होतं, आणि मी धड उत्तर दिलं नव्हतं. मी सीए होऊन पुण्यात नोकरीला लागले होते. तुम्ही कडा गावच्या बाजारातून कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन केला होतात, मागं मेंढ्या ओरडत होत्या. "बाळा, लोक इचारत्यात पोरगी काय करती. म्या काय सांगू?" मी घाईत होते. तुम्हाला नाही कळायचं ते, असं म्हणून फोन ठेवला. मग तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात की पोरगी मोठ्या पेढीवर मुनीम हाय. चुलतभावानं हसत हसत ते मला सांगितलं, तेव्हा मला रागच आला होता. तुम्हाला जाऊन आता सोळा वर्षं झाली. तुमच्या सांगण्यात फार चूक नव्हती असं हल्ली वाटतं.

मी आता जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत सीएफओ आहे, म्हणजे पैशाच्या बाजूची मुख्य अधिकारी. हिशेब लिहायला माझ्या हाताखाली माणसं आहेत, मी स्वतः क्वचितच काही लिहिते. माझं काम पुढचं बघायचं. मका निघाला की किती भरून ठेवायचा, त्यासाठी बँकेकडून किती उचलायचं, नवा कारखाना आत्ताच काढायचा की दोन वर्षं थांबायचं. विक्रीवाल्यांना जाहिरात हवी असते, कारखान्यातल्यांना नवी यंत्रं हवी असतात, आणि माझा निम्मा दिवस नाही म्हणण्यात जातो. दर तीन महिन्यांनी मात्र कंपनीला काय मिळालं, काय गेलं याचा कागद मी संचालक मंडळापुढं ठेवते आणि त्याखाली सही करते. ज्यांनी आमचे शेअर घेतलेत ती माणसं कधी गोदामात येत नाहीत. ती माझ्या सहीवर विसंबतात.

आता पगाराचं. काही रक्कम महिन्याला ठरलेली. काही वर्षाच्या शेवटी बोनस म्हणून, तोही मंडळानं आधी ठरवून दिलेला नफा झाला तरच. आणि काही कंपनीच्याच शेअरमध्ये, जे तीन वर्षं विकता येत नाहीत, म्हणजे माणसानं आजच्यापुरतं न बघता पुढचं बघावं. हिशेब खोटा निघाला तर दिलेला बोनस परत मागायची सोयही कागदात असते. हे सगळं मंडळातली तीन माणसं ठरवतात आणि वर्षाच्या अहवालात ते छापून येतं. चुलतभावानं मोबाइलवर काढून साऱ्या वस्तीला वाचून दाखवलं. आकडा खूप मोठा आहे, आबा. आमच्या गोदामात पोती उचलणाऱ्याच्या मजुरीशेजारी तो ठेवला की मला नीट बोलता येत नाही. तो तेवढा का, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मला सगळंच पटतं असं नाही.

हे तुम्हाला कळायचं नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हटलं, कोण जाणे. तुमची कमाई अशीच तर होती. मालकाच्या मेंढ्या तुम्ही अर्धलीनं राखत होतात. होतील त्या कोकरांतली निम्मी त्यांची, निम्मी आपली. मी बारावी झाले त्या साली रोग आला आणि नऊ कोकरं गेली. मालक निवडणुकीच्या धावपळीत होते, महिनोन् महिने मेंढ्यांच्या वाड्याकडं फिरकले नव्हते. मला अंबाजोगाईला कॉलेजात घालायचं होतं आणि वसतिगृहाचे पैसे कोकरांवरच येणार होते. माय चुलीपुढं भाकरी थापतीये, तुम्ही उंबऱ्यात बसलाय, मी भांडी पुसतीये. माय मान वर न करता म्हणते, "नऊ मेली तर पंधरा मेली म्हना. कोन बगायला आलंय?"

तुम्ही म्हणालात, "ते बगत न्हाईत म्हनून तर माझ्या हवाली केल्यात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मालकाकडं चालत गेलात आणि नऊ म्हणून सांगून आलात. त्यांनी चहा पाजला, बाकी काही नाही. पैसे कमी पडले, वसतिगृहातली जागा गेली. दिवाळीपर्यंत मी अंबाजोगाईत एका लांबच्या नातलगांच्या ओसरीवर राहिले. निघताना मी तुमच्या पाया पडले नाही. एसटी सुटेपर्यंत तुम्ही खिडकीखाली उभे होतात आणि मी समोर बघत बसले होते.

दिवाळीत तुम्ही आलात ते कॅल्क्युलेटर घेऊन. हिशेबाचं शिकतीये म्हटल्यावर तो लागणारच, असा तुमचा अंदाज. दुकानदारानं तुमच्या गळ्यात लई भारी माल मारला होता. बटण दाबलं की तो आकडा बाईच्या आवाजात बोलून दाखवायचा, आणि तो आवाज बंद करायची सोयच नव्हती. वर्गात पहिल्यांदा काढला तेव्हा सगळे हसले, सरसुद्धा. मी रुमालात गुंडाळून वापरला. तुम्हाला मात्र तो फार आवडला होता. तासभर बेरजा करत बसला होतात आणि दर वेळी माझ्याकडं बघून म्हणत होतात, "बरोबर सांगती का गं बाई ही?"

गेल्या वर्षी आमच्या एका गोदामात पाणी शिरलं आणि मक्याला बुरशी धरली. तो मका खाद्यात घालता येत नव्हता, म्हणजे तो गेला असं धरून तेवढा तोटा त्याच तिमाहीत दाखवणं भाग होतं. दाखवला की ठरलेला नफा गाठला जात नव्हता, आणि माझ्यासकट पंधरावीस जणांचा बोनस बुडत होता. आमचे एमडी वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, तोटा कुठं पळून जातोय, पुढच्या तिमाहीत घेऊ, गोदाम बघायला मंडळातलं कोण येणार आहे. मी मंडळापुढं तोटा ठेवला. मंजूर झाला. बोनस कुणालाच मिळाला नाही, शेअरही घसरला, आणि विक्रीचे साहेब दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ते मला माहीत होतं.

तुमची आठवण झाली म्हणून मी तशी वागले, असं लिहायला छान वाटलं असतं. पण तुम्ही आठवलात ते नंतर, घरी पोळ्या लाटताना.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुम्ही असता तरी टाकलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही ते घेऊन शाळेतल्या गुरुजींकडं गेला असता आणि चार माणसांत मोठ्यानं वाचून घेतलं असतं. आणि आता जे लिहितीये ते मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानावर जायला नको आहे. त्या दिवशी माझ्या फाइलीत दोन कागद होते, आबा. मक्याचा तोटा न दाखवणारा कागदही मीच तयार केला होता, आणि मंडळाच्या खोलीत जाऊन बसेपर्यंत कुठला बाहेर काढणार हे माझं ठरलं नव्हतं.