पंखाचा पुठ्ठा

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू खुशाल असशील. आई बरी आहे; गुडघा कुरकुरतो आणि तीही कुरकुरते. तू पाठवलेले बूट मला अगदी मापाचे झाले.

माझं भंगार गोळा करणं चालूच आहे. मोडक्या छत्र्या, कंगवे, रिमोटची बटणं, जे मिळेल ते उचलते, जमिनीवर मांडून पक्षी करते, फोटो काढते आणि मोडून टाकते. एवढ्याशा घरात ठेवायचं कुठे? फोटोत तरी राहतं. आई म्हणते, "लोक घरातला कचरा बाहेर काढतात, तू बाहेरचा आत आणतेस." पण यंदा वाचनालयाने माझे फोटो भिंतीवर लावले, त्यांच्या वेबसाइटवरही टाकले. तुला बरं वाटेल म्हणून हे आधी लिहिलं.

आता बाकीचं लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

सकाळी भावोजी आले होते.

"काय मेहुणीबाई, मोठ्या कलाकार झालात!" म्हणत सरळ खुर्चीत बसले. आवाज गोड. हात उचलण्याआधीचा त्यांचा तो आवाज तुला माहीत आहे. फोनवर माझ्या घुबडाचा फोटो उघडला. घुबडाचे डोळे तुझ्या चष्म्याचे आहेत, तू पळून आमच्याकडे आलीस तेव्हा फुटलेला होता तो.

"ही फ्रेम मीच घेऊन दिली होती," ते म्हणाले. "म्हणजे ती इथे आली होती. तुम्ही तर नाही म्हणालात."

"चष्मे काय, सगळ्यांचे सारखेच," मी म्हटलं.

दोन बोटांनी ते फोटो मोठा करत गेले. डोळे, चोच, मग पंख. पंखाला मी तू पाठवलेल्या बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा लावला होता. अंगठा तिथे थांबला. आईकडे पाणी मागितलं, प्यायले आणि गेले.

मी लगेच कॉम्प्युटरवर फोटो उघडला. पुठ्ठ्यावर मला फिकट डाग वाटला होता, तो तू काम करतेस त्या दुकानाचा शिक्का निघाला. नाव आणि गाव, दोन्ही वाचता येतात. कॅमेरा चांगला म्हणून मिरवत होते मी. ताई, स्वच्छ वाचता येतात.

मी सांगितल्यावर वाचनालयाने फोटो काढून टाकला, पण भावोजींच्या फोनमध्ये तो असेलच. तू जवळ मोबाइल ठेवत नाहीस. दुकानात फोन लावला तर आज सुट्टी, नुसता वाजत राहिला. मीच निघणार होते, पण खिडकीतून पाहिलं तर त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. निघाले तर मागोमाग येतील. म्हणजे शिक्का वाचला नसेल? की मलाच इथे अडकवून ठेवलंय? डोकं चालत नाही.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई दुपारच्या बसने तिकडे निघाल्यात, पत्र त्यांच्याकडे देते. वाचलंस की खोलीवर थांबू नकोस. उद्या दुकानात जाऊ नकोस. नर्सबाईंबरोबर तिथल्या नर्सेसच्या हॉस्टेलवर जा, तिथे रखवालदार असतो. तिथून पुढे कुठे जाशील ते मलाही कळवू नकोस. मला माहीत नसलं, तर माझ्याकडून कुणी वदवून घेणार नाही.

आईला शिक्क्याचं अजून काही सांगितलेलं नाही.

नर्सबाई दारात आल्यात. म्हणतात, "गल्लीत तर कुठलीच गाडी नाही."

ताई, निघ. चप्पलही शोधत बसू नकोस.

तुझी,
छोटी