माठांवरचा चुना

मास्तर, माठांवरचा चुना मी पुसला होता. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, पण मी तोंडानं कधी बोललो नाही, म्हणून आज लिहितोय. अक्षराला हसू नका, शाळेत तुम्ही मला जेवढं टिकवलंत तेवढंच आलं.

शाळेत तुमच्या खुर्चीवर खाजकुइली टाकली होती, आठवतं? तुम्ही दिवसभर उभ्यानं शिकवलंत. नाव विचारलं नाहीत, नुसतं माझ्या बोटांकडे बघितलंत. मी ती पाठीमागे लपवून खाजवत होतो.

मग गाठीचा ताप, प्लेग, आला. गिरण्या ओस पडल्या, आणि आपल्या जातीच्या मंडळानं परळात बांबूची झोपडी बांधून आजाऱ्यांच्या खाटा मांडल्या. कारभार तुमच्याकडे. तुम्ही अध्यक्षांशी भांडून बांबूच्या तट्ट्याच्या आडोशापलीकडे महारांच्या चार खाटा घातल्यात. ते कबूल झाले, पण महारांचे माठ वेगळे, त्यावर चुन्याचा पट्टा. पाणी भरायला मी. एका दुपारी चुन्याचे दोन्ही माठ कोरडे, अलीकडचे सहा तुडुंब, आणि पलीकडचा म्हातारा नुसते ओठ हलवतोय. विहिरीवर जायचं सोडून मला मस्करी सुचली. ओल्या फडक्यानं पट्टे पुसले, आठही माठ एका रांगेत लावले, सगळ्यांत सारखं पाणी ओतलं आणि एकाच तांब्यानं सगळ्यांना पाजत सुटलो. माझी आई अलीकडच्या तिसऱ्या खाटेवर होती, दोन खाटा सोडून अध्यक्षांचा भाऊ. सोवळं कडक तिचं. घोट घेऊन म्हणाली, "आज पाणी गार लागतंय रे." मी तोंड फिरवून हसलो. दोन दिवसांनी ती गेली.

तेवढ्यावर राहिलं असतं. पण चिंचपोकळीला सोबत्यांत बसलो असताना जिभेला खाज सुटली. "अध्यक्षांच्या भावानं महाराच्या माठातलं पाणी ढोसलं!" सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या सकाळी अध्यक्ष दारात उभे.

"मास्तर, कोणी केलं हे?"

तुम्ही वळलात. मी बादली घेऊन उभा. चुना कधीच धुतला होता, तरी मोकळा हात पाठीमागे गेला. तुम्ही तेवढंच बघितलंत.

"मी केलं," तुम्ही म्हणालात.

"जात बुडवलीत! आजपासून मंडळाशी तुमचा संबंध नाही. बांबू आमचे, खाटा आमच्या."

"आणि माणसं?"

"ज्याची त्यानं न्यावीत."

ज्याची त्यानं नेली. पलीकडच्या चौघांना न्यायला कोणी आलं नाही. मंडळाची माणसं झोपडी उतरवायला लागली तसं तुम्ही त्या चौघांना एकेक करून समोरच्या चिंचेखाली नेलंत. मला हाक मारलीत, "ए वांड, पाय धर रे इकडून." मी बादली टाकून पळालो, मास्तर. गिरगावात मावशीकडे जाऊन दडलो. चिंचेखाली तुम्हालाच ताप चढला हे मला फार उशिरा कळलं. तो म्हातारा जगला. लालबागेत भेटला, तेव्हा म्हणाला, "मास्तरास्नी शेवटचं पानी म्याच पाजलं. तुझी वाट बघत व्हते. म्हनले, पोरगं वांड हाय, पर येईल."

नाही आलो.

आता ऐका, हे कोणाला सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात त्याच मंडळानं दादरला सभा घेतली. तापाच्या दिवसांत ज्यांनी सेवा केली त्यांचा मान. माझं नाव पुकारलं. तुमचं घेतलंच नाही. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला, आणि मी मान खाली घालून तो बांधून घेतला. एकदा उठून बोलावंसं वाटलं. उठलो नाही. फेटा छान बसला होता.

तिकडे आई भेटली तर माठाचं तिला खुशाल सांगा. चिडेल, शिव्या घालेल, पण गार लागलं होतं हे तीच बोलली होती. फेट्याचं मात्र सांगू नका, मास्तर. पाया पडतो तुमच्या. तिलाही नको, आणखी कोणालाही नको.