डागाभोवतीची रेघ

आई, या पावसाळ्यात जुन्नरच्या घरी लेकीच्या पलंगाच्या बरोबर वर, छतावर डाग उमटला. चहा सांडल्यासारखा पिवळट, कडेला गडद. हात लावला तर गार. तू असतीस तर आधी चुलीतला कोळसा मागितला असतास.

पेठच्या घरात तू प्रत्येक ओलीभोवती कोळशाने रेघ ओढायचीस. ओल रेघेच्या आत राहिली तर वाळतेय, बाहेर आली तर पाणी अजून झिरपतंय. मग काठीने हलकेच ठोकून, मान तिरकी करून ऐकायचीस. भरीव की पोकळ, ते तुला लगेच कळायचं. ताईला बघायला पाहुणे येणार म्हणून दादांनी चुना आणला, तर तू बादलीच उचलून नेलीस. "डाग झाकंल, पाणी थांबंल व्हय?" पाहुणे आले. तू चहाचा ट्रे हातात घेऊन म्हणतेस, "पावणं, हिकडं सरका. वरची खपली कवा यील सांगता यायचं न्हाई." दादांची मान खाली. ताईचे होणारे सासरे हसतात, "वयनी, आमी पोरगी बघाया आलोय, स्लॅब न्हाई." तू तशीच उभी. "पोरगी लई चांगली हाय. पण डोस्क्यात खपली पडल्यावर दिसंल कशी?" लग्न जमलं. पुढे त्याच सासऱ्यांनी स्वतःच्या घरच्या छताला रेघ ओढली, असं ताई अजून हसत सांगते.

आमचा रंगारी म्हणाला, "मॅडम, पुट्टी मारून दोन हात देतो, नवंकोरं दिसंल." मी त्याला थांबवलं आणि पेन्सिलीने रेघ ओढली. आठवडाभरात ओल रेघेबाहेर आली. काठीने ठोकून पाहिलं, "पोकळ आहे" असं जाहीर केलं आणि पलंग हॉलमध्ये ओढला. लेक वैतागली, "आई, तुला काय कळतं गं त्यातलं? माझा अभ्यास कुठे करू?" आज गवंडी आला. त्याने हातोडी नुसती टेकवली आणि पाटीएवढं प्लास्टर खाली आलं. जिथे तिची उशी असायची, तिथेच. वर गंजलेली सळई उघडी पडली. लेक येऊन माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली.

तेव्हापासून घरात सगळे माझ्या कानाचं कौतुक करतायत. तुला म्हणून सांगते, मला डागावरचा आणि कोरड्या छताचा आवाज सारखाच ऐकू आला होता. मी फक्त तुझ्यासारखी मान तिरकी केली होती.