त्यातले तुमचे किती, सर?

प्रिय सर,

नेहमीसारखं 'आदरणीय' लिहिणार होते. पण रागावलेल्या माणसानं 'आदरणीय' लिहिलं की ते नोटिशीसारखं वाटतं. म्हणून 'प्रिय'. राग आहे, आणि प्रियही आहातच, त्याला काय करू?

उद्या कॉलेजात तुमच्या नावाच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन आहे. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, त्या निमित्तानं. गेटवर भलामोठा फ्लेक्स लागलाय. तुमचा सफारीतला फोटो, खाली 'जागतिक कीर्तीचे संशोधक', आणि त्याखाली तुमच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत तुमची सायटेशन्स. म्हणजे जगभरातल्या लोकांनी आपल्या लेखांत तुमच्या लेखांचा आधार घेतला, त्याची बेरीज. चांगली चार आकडी! मुख्य भाषण मला दिलंय. आज सकाळी धुळ्याहून निघाले आणि जळगावला थेट तुमच्या घरी आले. तुमच्या सौ., म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांच्या अक्का, आत जरा पडल्यात. मी तुमच्या टेबलाशी बसलेय, कारण उद्या माईक हातात घेण्याआधी तुमच्याशी भांडून घ्यायचंय.

तुम्ही मला शंकासूर म्हणायचात, आठवतं? कॉलेजच्या कुंपणाशी लाल-पिवळ्या फुलांचं ते झाड होतं. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालात, "मनीषा, हे झाड आणि तू, नाव एकच." का, तर मी प्रयोगशाळेतला तराजू चुकीचं वजन दाखवतो असं म्हणत होते. आणि तो दाखवतच होता, सर!

पण संशय घ्यायला शिकवलं कोणी? यावलच्या केळीच्या बागांमधून तुम्हीच तर हिंडवलंत आम्हाला. पान पिवळं दिसलं की कुणीतरी उत्साहानं ओरडायचं, "सर, करपा!" आणि तुम्ही तिथंच थांबवायचात. "आधी पाणी विचार. मग खत विचार. मग पान उलटून बघ. आणि मग तोंड उघड." केळीच्या या करपा रोगावर तुम्ही उभं आयुष्य घातलंत. घाई करणाऱ्याला तुमच्याजवळ जागा नव्हती.

मग या आकड्याच्या बाबतीत पान उलटून का नाही पाहिलंत?

सायटेशनवर माझा विश्वास कधीच नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. कुणी ग्रुपवर मेसेज टाकतो, 'माझ्या लेखाचा संदर्भ द्यावा, मीही देईन'. कुणी विद्यार्थ्याच्या प्रबंधात स्वतःचे लेख घुसडतो. तुम्हीच हसून म्हणायचात, "हे लग्नातल्या आहेरासारखं झालंय. त्यानं दिला म्हणून आपण द्यायचा." बढतीला आकडा लागणार, कॉलेजच्या मूल्यांकनाला आकडा लागणार, असं पत्रक आलं तेव्हाही तुम्ही हसलात. आणि तरी सायटेशन्स मोजणाऱ्या त्या वेबसाइटवर आपलं खातं उघडलंतच. उघडायला हरकत नव्हती. सगळ्यांनीच उघडलं.

भाषणाची तयारी म्हणून मागच्या आठवड्यात मी ते खातं पाहिलं. म्हटलं, सरांचे गाजलेले दोन-तीन लेख उचलू आणि चार शब्द बोलू. वरचा पहिलाच लेख बॅटरीवर! दुसरा बॅटरीच्या आतल्या कसल्याशा पावडरवर. तिसराही तोच. केळीचा करपा खाली, पार खाली, दुसऱ्या पानावर जाऊन बसलेला. मला आधी हसूच आलं. घरातला इन्व्हर्टर बंद पडला की वायरमन येईपर्यंत मेणबत्तीच्या उजेडात पेपर तपासणारा माणूस तुम्ही. तुम्ही कधी बॅटरी बनवलीत?

मग हसू गेलं आणि माझं नेहमीचं सुरू झालं. हे कुणी केलं?

उत्तर सोपं निघालं. लेखांवर नाव होतं एस. डी. पाटील. आपल्याकडे पाटलांना काय तोटा! त्यात सगळा कारभार आद्याक्षरांवर. आपल्याच कॉलेजात एस. डी. पाटील दोन होते, तुम्ही आणि ऑफिसातले. त्यांच्याकडची लग्नपत्रिका तुमच्या खणात आणि तुमची रजेची मंजुरी त्यांच्या टेबलावर. पण शिपाई निदान विचारायचा, "कोणते? पारोळ्याचे का?" की माणूस सापडायचा. संगणकाला गाव विचारायचं सुचत नाही. तुम्ही सुकदेव दगडू, तो बॅटरीवाला सागर दिलीप. संगणकानं दोघांना एकाच गोणीत भरलं.

इथपर्यंत तुमचा दोष नव्हता. पण ती वेबसाइट अधूनमधून विचारते, सर. 'हे लेख तुमचेच आहेत ना?' असं विचारते, आणि 'नाही' म्हणायची सोय देते. ते 'नाही' कुणीच म्हटलेलं नव्हतं.

माझा पहिला संशय प्राचार्यांवर गेला. आकडा वाढला तर फायदा कॉलेजचा. दुसरा संशय तुमच्या पुतण्यावर, कारण खातं त्यानं उघडून दिलं होतं. तुमच्यावर मी घेतलाच नाही. आयुष्यभर तराजूपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, आणि तुमची पाळी आली तशी मीच तुमची वकील झाले! सर साधे, सरांना कळलं नसेल, सरांना चष्म्याशिवाय मोबाइल दिसतच नव्हता.

मग मी त्या सागरचा नंबर मिळवला. शिंदखेड्याकडचा पोरगा, दूर दुसऱ्या राज्यात एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला आहे. मी तुमची विद्यार्थिनी, हे आधीच सांगून टाकलं.

"सर गेले ते मला उशिरा कळलं, मॅडम," तो म्हणाला. "दोनदा बोलणं झालं होतं आमचं."

दोनदा!

"काय म्हणाले?"

"फार प्रेमानं बोलले. मी म्हटलं, सर, माझे लेख तुमच्या खात्यात गेलेत, तेवढे काढाल का? तर म्हणे, 'काढतो, काढतो. गावाकडे आलास की घरी ये, अक्का भरीत करेल.'"

आवाज सोडून अख्खे तुम्हीच होतात त्या वाक्यात. माझ्या प्रबंधाचं प्रकरण तपासायला दिलं की असंच असायचं, "बघतो, बघतो." महिनोन्महिने बघायचात. म्हणून मी मनाला समजावलं, हा सरांचा नेहमीचा आळस, दुसरं काही नाही. मग त्या पोरानं पुढचं सांगितलं.

मुलाखतीला गेला होता तो, आपल्याच भागातल्या एका कॉलेजात. आई-वडील थकलेत, त्याला परत यायचंय. समितीतल्या कुणीतरी तिथल्या तिथे मोबाइलवर त्याचे लेख शोधले, तर ते एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या नावावर! समितीनं त्याला काय विचारलं असेल, सर?

"मला म्हणाले, दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सांगायला लाज नाही वाटत?" तो हे हसत सांगत होता. ते हसू मला ऐकवेना. "पुढच्या आठवड्यात परत एक मुलाखत आहे मॅडम. म्हणून, जमलं तर…"

जमलं तर! स्वतःचं काम परत मागतोय आणि म्हणतो, जमलं तर.

मी प्राचार्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मूल्यांकनाची समिती तोंडावर आलीय. गेलेल्या माणसाचा आकडा कमी करून कुणाचं भलं होणार?" मी सागरचं सांगितलं. "त्याचं बघू नंतर," म्हणाले. आणि मग जरा मऊ आवाजात, "तुमच्या गाइडचा आकडा मोठा असला तर तुमचंही काही बिघडत नाही ना? उद्या फक्त आठवणी सांगा."

आठवणीच सांगतेय, सर. तुम्हालाच सांगतेय.

तुमचं खातं उघडायला ओटीपी लागतो आणि तो येतो तुमच्या मोबाइलवर. गॅसचं, बँकेचं सगळं त्याच नंबरावर येतं म्हणून अक्कांनी तो चालू ठेवलाय. म्हणजे तुमचा आकडा कमी करायला मला अक्कांचाच मोबाइल मागायचा होता! बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी खोटं कारण जुळवत होते. पारोळ्याच्या पुढे ते सोडून दिलं. अक्कांना खोटं सांगणं मला कधी जमलेलं नाही, त्या आधी चहा देतात आणि मग डोळ्यांत बघतात.

मी सगळं सांगितलं. बॅटरी, दुसरा पाटील, मुलाखत. अक्का भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

"मंग त्या लेख आपला नहीत? त्या पोऱ्याना शेतस?"

"हो अक्का."

"त्यानी फोन करा व्हता का त्यास्ले?"

इथं मी अडखळले. सर, त्या एका प्रश्नापाशी मी तुम्हाला वाचवू शकले असते. पण त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडावरच वाचलं.

"मालूम व्हतं त्यास्ले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तो आकडा भारी आवडे त्यास्ले, माय. दवाखानामा बी इचारेत, आज कितला झायात? मी मोबाइल दखाडू. खूश व्हई जायेत."

आता सांगा, मी काय करू या माहितीचं? तुम्हाला तो आकडा आवडत होता! आम्हाला आहेराची गोष्ट सांगून हसवणारे तुम्ही, खाटेवर पडल्या पडल्या दुसऱ्याच्या बॅटऱ्या मोजत होतात? की आजारी माणसाला काहीतरी वाढताना दिसलं, एवढाच त्याचा अर्थ? मला ठरवता येत नाही. आळस म्हणावं तर एका पोराला चोर ठरवणारा आळस आहे. लोभ म्हणावं तर त्याच पोराला तुम्ही भरीत खायला बोलावलंत, आणि ते बोलावणं खोटं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

अक्का उठल्या, हात धुतले, तुमचा मोबाइल आणून माझ्यासमोर ठेवला. "ज्यानं शे त्याले दी टाक. आपला ज्या राहतीन त्या राहतीन."

ओटीपी आला. अक्कांनी एकेक आकडा वाचून दाखवला, मी भरला. मग एकेका बॅटरीवर 'हा लेख माझा नाही' म्हणत गेले, तुमच्या वतीनं. शेवटी चार आकडी संख्या दोन आकडी झाली. अक्का वाकून बघत होत्या. "बस इतलाच?" म्हणाल्या, आणि आत जाऊन पडल्या. त्या झोपलेल्या नाहीत. मला माहीत आहे.

सागरला कळवलंय.

मग मी उरलेले सगळे संदर्भ एकेक उघडून पाहिले. तुमची विद्यार्थिनी आहे, तपासल्याशिवाय सोडीन कशी? आहेर किती निघतात ते बघायचं होतं. फार थोडे निघाले, सर. बाकीचे सगळे परक्यांचे. केळी पिकवणाऱ्या कुठल्याकुठल्या मुलुखातली माणसं, ज्यांना तुम्ही पाहिलं नाही, ज्यांना तुमच्याकडून काही मिळणार नव्हतं. यावलच्या पानांवर तुम्ही जे पाहिलंत ते त्यांना लागलं, म्हणून त्यांनी तुमचं नाव घेतलं. हा आकडा तुम्ही दवाखान्यात मागायला हवा होता. तो ऐकून खूश व्हायला काय हरकत होती?

उद्या मी बोलणार आहे. फ्लेक्सवरचा आकडा चुकीचा आहे, तो दुसऱ्या एस. डी. पाटलांचा आहे, त्यांचं नाव सागर, हे सांगणार. प्राचार्य परत बोलावणार नाहीत, न बोलावोत. 'सरांना ठाऊक होतं का?' असं कुणी विचारलं तर 'हो' म्हणणार. अक्का पहिल्या रांगेत असतील, आणि तरीही म्हणणार. त्यांनीच मघाशी आतून बजावलं, "चोख सांगजो."

आणि एक वचन, फक्त तुम्हाला. यापुढे माझ्या लेखांत तुमचं नाव येईल ते तुमच्या कामावाचून माझं अडेल तिथेच. मायेनं एकदाही नाही. वर्षश्राद्धाला नाही, गौरवग्रंथात नाही, डोळे भरून आले म्हणून तर नाहीच. जेव्हा येईल तेव्हा समजा, सर, की मला तुमची खरोखरच गरज लागली.

तुमची विद्यार्थिनी,
मनीषा